दोन रिव्हॉल्व्हर आणि पडलेलं कुंपण

१९८३ सालची गोष्ट. त्या ऑगस्टमध्ये अ‍ॅलिशिया नावाचं वादळ ह्यूस्टनवरून गेलं आणि जाता जाता शुगर लँडमधल्या पानशांच्या घरामागचं लाकडी कुंपण आडवं करून गेलं. कुंपणापलीकडे कोण राहतं हे पानशांना इतक्या वर्षांत माहीत झालं नव्हतं. वादळानंतरच्या सकाळी ते आपोआप कळलं. गवती हॅट घातलेला एक उंच म्हातारा पडलेल्या फळ्यांवरून चालत आला, खांद्यावरचं पिवळ्या वायरचं वेटोळं त्याने खाली टाकलं आणि टेक्सासच्या संथ इंग्रजीत विचारलं, "माझ्याकडे जनरेटर आहे. तुमचा फ्रिज कुठे आहे?"

वीज परत येईपर्यंत हेमचंद्र पानसे, त्याची बायको सरला, बारा वर्षांची रुपाली आणि जुलैमध्येच मिरजेहून आलेली हेमचंद्राची आई कमलाबाई अशी चौघं जणं त्या पिवळ्या वायरवर जगली. म्हाताऱ्याचं नाव वेंडेल क्राउस. गावातल्या साखर कारखान्यात सारी नोकरी करून तो निवृत्त झाला होता आणि बायको डोरीन गेल्यापासून एकटाच राहत होता. कमलाबाईंना इंग्रजी येत नव्हतं, वेंडेलला मराठी. पण मळीचा वास उन्हाळ्यात किती लांब जातो यावर रुपालीला मध्ये बसवून दोघांनी अख्खी संध्याकाळ काढली. त्यानंतर रोज एक झाकलेली ताटली फळ्यांवरून पलीकडे जाऊ लागली आणि रिकामी परत न येता टोमॅटो किंवा भेंडी घेऊन येऊ लागली.

वेंडेलच्या अंगणात जोडपानांचं एक झाड होतं. वादळात ते अर्धं मोडलं, तरी उभं होतं. कमलाबाई त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "हा आपटाच आहे. इथलं खाऊन जरा सुजलाय, एवढंच."

कुंपण पडलं तसे गल्लीत चोरही आले. चार घरं सोडून एकांचा टीव्ही आणि व्हीसीआर भरदुपारी गेला. नेमकं त्याच सुमाराला हेमचंद्राच्या कंपनीने त्याला अलास्कात पाठवायचं ठरवलं. दसऱ्यानंतरच्या आठवड्यात निघायचं आणि नाताळला परत यायचं. घरात तीन बायका, मागे कुंपण नाही (कुंपणवाल्याने थेट दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाची तारीख दिली होती), गल्लीत चोर. हेमचंद्राची झोप उडाली आणि त्याने ठरवलं की जाण्याआधी एक रिव्हॉल्व्हर घ्यायचं.

आता हेमचंद्राने एखादी वस्तू घ्यायची ठरवलं म्हणजे काय होतं, हे ह्यूस्टनच्या महाराष्ट्र मंडळात सगळ्यांना ठाऊक होतं. टोस्टर घेताना तो घरची ब्रेड घेऊन दुकानात गेला होता. गादी घेताना दुकानात झोपला होता, आणि खरोखर झोपला होता. रिव्हॉल्व्हरच्या दुकानातही तो सलग तीन शनिवार गेला. पहिल्या शनिवारी दुकानदार त्याला 'सर' म्हणाला. तिसऱ्या शनिवारी हेमचंद्राची गाडी दिसताच त्याने दारावर जेवणाच्या सुट्टीची पाटी लावली. तेव्हा सकाळचे दहा वाजले होते.

"अडलंय कुठे पण?" सरलाने जेवताना विचारलं.

"अडलंय निवडीत. हे बघ, एकाच कंपनीचं, एकाच मापाचं रिव्हॉल्व्हर. एक स्टँडर्ड. दुसरं त्याच फॅक्टरीत पुन्हा हातात घेऊन सुधारलेलं. आतले भाग घासून गुळगुळीत, चाप हलका, नेम धरायची खूण वेगळी, मूठ अक्रोडाच्या लाकडाची. किंमत जवळजवळ दीडपट. मग प्रश्न असा, की तो फरक हाताला कळतो का?"

"चोराला कळणार आहे का?"

"सरला, मी सीरियसली बोलतोय."

"मीपण. घरात मुलगी आहे. मला ती वस्तू नकोच आहे घरात, स्टँडर्ड नको आणि सुधारलेली पण नको."

"बाबा, यू आर नॉट बाइंग अ गन," रुपाली ताटातून मान वर न करता म्हणाली. "यू आर जस्ट शॉपिंग."

हेमचंद्राचा मित्र प्रताप मूळचा नागपूरचा. त्याने दोन वर्षांपूर्वी स्टँडर्ड मॉडेल घेतलं होतं आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं होतं. तेवढ्या अनुभवावर तो या विषयातला तज्ज्ञ झाला होता. "यार हेम, फॅक्टरीवाल्यांनी आधीच नीट बनवायला पाहिजे होतं ना? एकदा बनवलं, मग परत सुधारलं, म्हणजे पहिल्यांदा काय झोपा काढल्या?" या मुद्द्याने हेमचंद्राची झोप आणखीच उडाली.

शेवटी हे वेंडेलच्या कानावर गेलं. तो हसला नाही. पाइपमधली राख झाडत म्हणाला, "माझ्याकडे दोन्ही आहेत. स्टँडर्ड माझं जुनं. सुधारलेलं डोरीनने मी निवृत्त झालो तेव्हा खास फॅक्टरीतून मागवून दिलं. तिने मला दिलेली ती शेवटची वस्तू." त्याने पाइप पुन्हा भरला. "एक रात्र घरी घेऊन जा. निवांत हातात धरून बघ. फक्त उद्या दुपारी परत दे. आमच्या नेमबाजी क्लबची वार्षिक स्पर्धा आहे आणि डोरीनने ते दिल्यापासून मी त्याच्याशिवाय तिथे कधी गेलो नाही."

हेमचंद्राने दोन्ही हात पुसून पुढे केले. ज्याच्या वायरवर फ्रिज चालला, तो आता बायकोची आठवणही उसनी देत होता. वेंडेलने दोन्ही रिव्हॉल्व्हर सरलासमोर उघडून रिकामी असल्याची खात्री करून दिली, गोळ्या स्वतःकडे ठेवल्या आणि फळ्यांवरून परत गेला. त्या संध्याकाळी हेमचंद्र कोचावर बसून आलटून पालटून दोन्ही हातात धरत होता. डोरीनच्या रिव्हॉल्व्हरचा चाप लोण्यातून सुरी जावी तसा मागे यायचा. स्टँडर्डचा किंचित कुरकुरायचा.

"कळला फरक?" सरलाने विचारलं.

"कळला. पण तो दीडपट आहे का, ते कळत नाहीये. उद्या प्रतापला बोलावतो."

दुसऱ्या दिवशी रविवार आणि दसरा. हेमचंद्र सकाळीच प्रतापला आणायला गेला, कारण प्रतापची गाडी गॅरेजमध्ये होती. सरला चक्क्याशी झटत होती. रुपालीने आजीच्या सांगण्यावरून वेंडेलच्या झाडाची पानं तोडून आणली. कमलाबाईंनी पाट मांडला. पाटावर रुपालीची पुस्तकं, हेमचंद्राचा कॅल्क्युलेटर, सरलाची शिलाई मशीनची पेटी आणि गाडीच्या जादा किल्ल्या ठेवल्या. मग त्यांना कोचाजवळच्या टेबलावर ती दोन दिसली.

मिरजेच्या घरी दर दसऱ्याला सासऱ्यांची कट्यार निघायची. तिला आधी पंचामृताचं स्नान, मग पाण्याने, मग पुसून गंध-फूल. पंचामृताशिवाय पूजा म्हणजे तोंड न धुता देवळात जाणं, असं कमलाबाईंचं मत होतं. सातासमुद्रापार, परक्या गावात, दसऱ्याच्या दिवशी घरात एक सोडून दोन शस्त्रं आपल्या पायांनी चालत आली, याचा त्यांना भरून येण्याइतका आनंद झाला. त्यातून ती वेंडेलची. ज्या माणसाने आपल्याला अंधारात ठेवलं नाही, त्याच्या वस्तूची पूजा थोडक्यात उरकणं त्यांच्या जिवाला पटलं नसतं. दूध, दही, तूप, मध, साखर. कमलाबाईंनी हात आखडता घेतला नाही. साखर तर गावचीच होती.

प्रतापला घेऊन हेमचंद्र घरात शिरला तेव्हा दोन्ही रिव्हॉल्व्हर पाटावर स्वच्छ पुसून ठेवलेली होती. नळीवर गंधाचा टिळा, मुठीवर झेंडूचं फूल.

"वा, काकू, मस्त," प्रताप म्हणाला.

"आई, टिळा लावलास ना फक्त?"

"फक्त टिळा कसा? आधी स्नान घातलं चांगलं."

हेमचंद्राने बूट न काढताच पाटाजवळ जाऊन स्टँडर्ड रिव्हॉल्व्हर उचललं आणि चाप ओढला. कुरकुरत का होईना, आला. मग त्याने डोरीनचं उचललं. चाप जागचा हलला नाही. त्याने जोर लावला. आत कुठेतरी 'चिप्' असा बारीक आवाज झाला आणि मुठीच्या फटीतून मधाचा एक थेंब शांतपणे बाहेर आला.

"आई, कट्यारीच्या पोटात काही नसतं," हेमचंद्राचा आवाज अगदी बारीक झाला. "ह्याच्या पोटात सगळं असतं."

"मी दोघांना सारखंच घातलं हो," कमलाबाई म्हणाल्या. "दुजाभाव नाही केला."

तशाही अवस्थेत हेमचंद्रातला इंजिनिअर जागा होता. "म्हणजे स्टँडर्डचे भाग सैल, म्हणून त्यातनं वाहून गेलं. सुधारलेल्याचे घट्ट बसवलेले, म्हणून अडकलं. स्टँडर्डचा एक पॉइंट वाढला."

"अहो, पॉइंट कसले मोजताय," सरला स्वयंपाकघरातून बाहेर येत म्हणाली. "त्यांच्या बायकोची वस्तू आहे ती. दोन वाजता त्यांना लागणार आहे. आत्ता जा आणि सांगा."

हेमचंद्राचा चेहरा पडला. सांगायचं तर होतंच, पण बिघडलेलं सांगण्यापेक्षा दुरुस्त करून सांगणं बरं, असं त्याला वाटलं. आणि हे वाटायला खतपाणी घालायला प्रताप शेजारीच उभा होता.

"टेन्शन नको घेऊ यार. ओलं आहे म्हणून अडकलंय. वाळवू."

रुपालीचा हेअर ड्रायर आला. प्रतापने तो सगळ्यात गरम ठेवून मुठीच्या फटीवर धरला. थोड्या वेळात घरभर एक ओळखीचा, खमंग वास सुटला. सरलाने दारातूनच ओळखलं.

"प्रतापभाऊजी, तुम्ही चिक्कीचा पाक केलात."

खरंच तसं झालं होतं. आधी नुसता चाप अडकला होता, आता गोळ्यांचं फिरतं चक्रही घट्ट बसलं. हेमचंद्राने ते फिरवून पाहिलं, तर अख्खं रिव्हॉल्व्हर फिरलं, चक्र नाही.

"मग तेल," प्रताप म्हणाला. "तेलाने काहीही सुटतं."

घरात मशीनचं तेल नव्हतं. कमलाबाईंनी भारतातून आणलेली खोबरेल तेलाची बाटली होती. प्रतापने ते सढळ हाताने ओतलं आणि रिव्हॉल्व्हर एसीच्या झरोक्याखाली ठेवलं, म्हणजे तापलेलं लवकर निवेल. बाहेर अजून घाम फोडणारी हवा होती, त्यामुळे पानशांच्या घरात एसी रेल्वेतल्या बर्फाच्या डब्यासारखा चालू असायचा. बघता बघता खोबरेल तेल गोठलं. डोरीन क्राउसच्या शेवटच्या भेटीच्या प्रत्येक फटीत आता शुभ्र थर बसला होता.

"इट लुक्स लाइक अ केक," रुपाली म्हणाली.

"मी पुढे काही करत नाही," प्रताप म्हणाला. त्या दिवसातला त्याचा तो एकमेव शहाणा निर्णय होता.

एवढ्यात मागच्या दारावर टकटक झाली. कुंपण नसल्यामुळे माणूस येताना आधी दिसायची सोय राहिली नव्हती. वेंडेल इस्त्रीचा शर्ट आणि क्लबची टोपी घालून उभा होता. हेमचंद्राने रिव्हॉल्व्हर पाठीमागे धरलं. चांगला चाळिशीतला इंजिनिअर, पण उभा असा राहिला की रुपालीला हसू आवरेना.

त्याने तोंड उघडायच्या आत कमलाबाई पुढे झाल्या. त्यांच्या दृष्टीने आज सण होता आणि दारात पाहुणा होता. त्यांनी जोडपान वेंडेलच्या हातात ठेवलं, त्याला खुर्चीवर बसवलं आणि चांदीच्या पळीने पंचामृत त्याच्या तळहातावर घातलं.

"रुपाली, भाऊंना सांग, हे सोनं आहे. आज एकमेकांना द्यायचं. त्यांच्याच झाडाचं आहे, पण तोडून मी दिलंय, म्हणजे माझ्याकडनं झालं."

रुपालीने सांगितलं. वेंडेलने पान शर्टाच्या खिशात नीट ठेवलं आणि तळहात चाटला. जिभेवर घोळवत म्हणाला, "मध. दही. आणि साखर आमच्या कारखान्याची. दाणा ओळखतो मी. हे कशाकरता?"

"दिस इज व्हॉट आजी पुट इन युअर गन," रुपाली म्हणाली.

तिने हेमचंद्राच्या पाठीकडे बोट केलं. हेमचंद्राने पाठीमागचा हात पुढे आणला. सरलाने सगळं सांगितलं, मध्ये न थांबता: कट्यार, स्नान, ड्रायर, खोबरेल. "सासूबाईंनी तुमचे आभार मानायला केलं. बाकीचं या दोघांनी घाबरून केलं. आम्हाला फार वाईट वाटतंय, मिस्टर क्राउस. तुमच्या डोरीनची आठवण ती."

वेंडेलने ते रिव्हॉल्व्हर दोन्ही हातांत घेतलं. नळीवरच्या टिळ्याकडे बघितलं. मुठीच्या फटीत अडकलेली झेंडूची पाकळी बोटाने बाहेर काढली. हेमचंद्राला वाटलं, आता हा माणूस उठून जाईल आणि उद्या कुंपणवाला येईल तेव्हा त्याला दहा फूट उंच कुंपण घालायला सांगेल.

"तिने पूजा केली याची?" त्याने रुपालीला विचारलं. "देवाची करतात तशी?"

"यस सर. विथ फ्लॉवर्स अँड एव्हरीथिंग."

"डोरीन गेल्यापासून," वेंडेल कमलाबाईंकडे बघत म्हणाला, "तिच्या वस्तूला कोणी फूल वाहिलं नव्हतं. मीसुद्धा नाही." मग त्याने रिव्हॉल्व्हरचा वास घेऊन पाहिला. "आणि साखर म्हणाल, तर कारखान्यात मी जन्मभर यंत्रांतून साखरच काढली. गरम पाण्यात ठेवलं की सुटते. ते खोबऱ्याचं काय करायचं ते मात्र मला ठाऊक नाही. अशी कल्पना अजून कोणाला सुचली नव्हती." प्रताप छताकडे पाहू लागला.

पण गरम पाणी, वाळवणं, पुन्हा तेल देणं, यात संध्याकाळ होणार होती. स्पर्धा दोनला होती. वेंडेलने जुनं स्टँडर्ड उचललं, त्याच्या नळीवरचा टिळा तसाच राहू दिला आणि निघाला. हेमचंद्र गाडी काढून त्याच्यासोबत गेला, कारण घरी बसून वाट पाहणं त्याला जमलं नसतं. सरलाने स्वयंपाकघर आवरलं नाही. कमलाबाई मागच्या पायरीवर माळ घेऊन बसल्या, आणि त्यांना पहिल्यांदाच कळलं होतं की आपण काय करून बसलो.

दोघं परत आले तेव्हा ऊन उतरलं होतं. वेंडेल फळ्यांवरून सावकाश चालत आला. त्याच्या हातात एक छोटा पितळी बिल्ला होता.

"तिसरा," तो म्हणाला.

"साध्यावर तिसरा नंबर?" प्रताप उडालाच. "म्हणजे ते चांगलं असतं तर पहिला आला असता, हो ना?"

वेंडेलने टोपी काढली आणि डोकं खाजवलं. "नाही. डोरीनच्या रिव्हॉल्व्हरने मी दर वर्षी तिसराच येतो. त्याच्या आधी याच्यानेही तिसराच यायचो. तिला कधी सांगितलं नाही."

हेमचंद्र पायरीवर बसला. कित्येक आठवडे ज्या उत्तराच्या शोधात त्याने एका दुकानदाराला दहा वाजता जेवायला लावलं होतं, ते उत्तर शेजारी टोपी हातात धरून उभं होतं.

"मग मी कुठलं घेऊ?" त्याने तरीही विचारलं.

"घेतलंस तर आई त्याला आंघोळ घालेल," वेंडेल म्हणाला. "तुझी बायको त्याला हात लावणार नाही. तू अलास्कात असशील. त्यापेक्षा उद्याच्या कुंपणवाल्याला फोन कर आणि ते कॅन्सल कर. तू येईपर्यंत हे असंच राहू दे. मला सकाळी कॉफी पिताना तुमचं मागचं दार दिसतं. रात्री झोपताना दिसतं. मी सारखा घरीच असतो."

सरलाने श्रीखंडाची वाटी त्याच्यासमोर ठेवली. मग आत गेली आणि तिने स्वतःच कुंपणवाल्याला फोन केला. हेमचंद्राला तो करायला लावला असता, तर त्याने आधी दुसऱ्या दोन कुंपणवाल्यांना विचारलं असतं.

हेमचंद्र अलास्काला गेला आणि नाताळला परत आला. तोवर चोरीचा प्रकार सोडाच, घरातला नळसुद्धा गळायला लागला की वेंडेल पाना घेऊन हजर असायचा. ते कुंपण पुढे कधीच घातलं गेलं नाही. हेमचंद्र त्यासाठी लाकडाचे नमुने बघत राहिला आणि मग विषय मागे पडला.

प्रताप पुढे नोकरी बदलून शॉमबर्ग नावाच्या गावी गेला. तिथे त्याने चांगलं नाव कमावलं, पण कपाटाच्या कुलपाची किल्ली कुठे ठेवली ते त्याला अजून आठवत नाही. रुपाली डॅलसला दंतवैद्य झाली. दातांच्या फटींत साखर काय करते हे ती पेशंटना फार मनापासून सांगते. कमलाबाई वसंतात मिरजेला परतल्या आणि जाईपर्यंत वेंडेलसाठी थालीपीठ थापत राहिल्या. पुढच्या भाऊबीजेला मिरजेहून एक पाकीट आलं. त्यात अक्षता होत्या. पुढे कमलाबाई गेल्याचं कळलं तेव्हा वेंडेल हॅट काढून झाडाखाली बराच वेळ उभा राहिला.

वेंडेल स्वतः नव्वदी गाठून गेला. शेवटी इस्पितळात सरला आणि हेमचंद्रच त्याच्याजवळ होते. त्याचा भाचा आला तेव्हा वेंडेलने त्याला घराबद्दल, गाडीबद्दल सांगितलं आणि मग हेमचंद्राकडे बोट करून म्हणाला, "ती दोन्ही रिव्हॉल्व्हर याला दे. एकच नको. याचं अजून ठरलेलं नसेल."

ठरलेलं नाहीच. हेमचंद्र आता काठी घेऊन चालतो, तरी दर दसऱ्याला दोन्ही पाटावर मांडली की आधी एक हातात घेतो, मग दुसरं. पलीकडचं झाड अजून आहे, पानं त्याचीच. सरला दोघांना कोरडं गंध लावते आणि एकेक फूल वाहते. पंचामृत करते, वेंडेलच्या नावाने एक पळी झाडाच्या मुळाशी घालते, आणि मग वाटीवर झाकण ठेवून ती दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवते.